अकरावी गोळी कोणाच्या हक्काची?

अमेरिकेच्या न्यायालयांत गेली दहा-बारा वर्षे एका लहानशा वस्तूवरून मोठी झुंज चालली आहे. बंदुकीला खालून बसवायची, आत स्प्रिंग असलेली, गोळ्या भरून ठेवायची पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पेटी, म्हणजेच मॅगझिन. या पेटीत गोळ्या किती मावाव्यात, एवढाच प्रश्न आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट, मेरीलँड, वॉशिंग्टन, र्‍होड आयलंड ही राज्ये म्हणतात, दहा. कोलोरॅडो म्हणते पंधरा. डेलावेअरने सतरा हा आकडा धरला. इलिनॉय आणि व्हरमाँट यांनी लांब बंदुकीला दहा व पिस्तुलाला पंधरा अशी विभागणी केली. देशातील बहुसंख्य राज्यांत मात्र मर्यादाच नाही. तेथे तीस गोळ्यांची पेटी ही साधी बाब समजली जाते आणि शंभर गोळ्यांचा गोल ड्रमही दुकानात राजरोस मिळतो.

ज्या देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत, तेथे पेटीच्या आकाराने काय फरक पडणार, असे कोणीही विचारील. याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधण्याआधी ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहरात शोधले पाहिजे. ८ जानेवारी २०११ रोजी तेथे काँग्रेस सदस्या गॅब्रिएल गिफर्ड्स एका दुकानाबाहेर मतदारांना भेटत होत्या. एका तरुणाने पिस्तूल काढले. त्याला ३३ गोळ्यांची पेटी लावलेली होती. ती रिकामी व्हायला काही सेकंद पुरले. सहा जण मेले, गिफर्ड्स यांच्यासह तेरा जण गोळ्या लागून जखमी झाले. मेलेल्यांत नऊ वर्षांची एक मुलगी होती. तो दुसरी पेटी चढवू लागला तेव्हाच लोकांनी त्याच्यावर झडप घातली आणि एका वयस्क बाईने त्याच्या हातची पेटी हिसकावली. गोळ्या संपल्या म्हणून माणसे त्याच्यापर्यंत पोहोचू शकली. पेटी दहाची असती तर ही झडप दहाव्या गोळीनंतर पडली असती. मॅगझिनवरील मर्यादेमागचा सगळा विचार या एका क्षणात आहे. पेटी बदलायला हात सरावलेला असेल तर दोन-तीन सेकंद लागतात, थरथरत असेल तर अधिक. तेवढ्या वेळात कोणी दाराबाहेर पळतो, कोणी बाकाखाली शिरतो, कोणी अंगावर धावून जातो.

ओहायो राज्यातील डेटनमध्ये ४ ऑगस्ट २०१९ रोजी पोलिसांनी मारेकऱ्याला सुमारे ३२ सेकंदांत ठार केले. पोलीस याहून वेगाने येऊच शकले नसते. तरीही नऊ जण मेले होते, कारण बंदुकीला शंभर गोळ्यांचा ड्रम होता. हातात बंदूक असलेला सज्जन माणूस जवळ असला की हत्याकांड टळते, असे जे तिकडे सांगितले जाते, त्याचा हिशेब डेटनच्या रस्त्यावर झालेला आहे.

आता दुसरी बाजू. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी ३२ जणांची हत्या झाली. त्यात भारतातून गेलेलेही होते. तेथील मारेकऱ्याकडे दहा आणि पंधरा गोळ्यांच्या साध्या पेट्या होत्या, पण त्या ढिगाने होत्या. राज्याने नेमलेल्या चौकशी समितीने स्पष्ट लिहिले की, दहाची मर्यादा असती तरी या घटनेत फारसा फरक पडला नसता. बंदी-समर्थक हा अहवाल सहसा पुढे करीत नाहीत. आपण तो झाकण्याचे कारण नाही. बंद वर्गखोल्यांत अडकलेल्या मुलांवर कोणी शांतपणे पेट्या बदलीत गोळ्या झाडू लागला, तर दोन-तीन सेकंदांची फट अपुरी पडते. कायदा प्रत्येक हत्याकांड रोखतो, असा दावा करणारा खोटे बोलतो आणि एखादे रोखू शकला नाही म्हणून कायदाच फुकट, असे म्हणणारा अधिक खोटे बोलतो. लुई क्लारेवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९९० ते २०१७ या काळातील, सहा वा अधिक बळी गेलेल्या ६९ घटना त्यांनी तपासल्या. मोठ्या पेट्या वापरल्या गेल्या तेथे बळींची सरासरी ६२ टक्क्यांनी जास्त होती आणि बंदी नसलेल्या राज्यांत अशा घटनांचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. यावरून सगळेच श्रेय बंदीला देता येत नाही, कारण त्या राज्यांत बंदुकीचे इतर कायदेही कडक आहेत. पण दिशा कोणती आहे ते यावरून कळते.

एके काळी ही बंदी देशभर होती. १३ सप्टेंबर १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या पेट्या बनविण्यास व विकण्यास मनाई झाली. मात्र काँग्रेसने त्यात दोन भोके ठेवली. पहिले, आधी बनलेल्या पेट्या विकायला मोकळ्या. कोट्यवधी जुन्या पेट्या बाजारात फिरत राहिल्या, परदेशांतून आणखी आल्या. दुसरे, कायद्याचे आयुष्य दहा वर्षांचे. १३ सप्टेंबर २००४ रोजी तो आपोआप मेला. संसदेत कोणाला हात वर करून तो मारावा लागला नाही. शस्त्र-उत्पादकांना आणि नॅशनल रायफल असोसिएशनला याहून सोयीचा मृत्यू कोणता? त्यानंतर जे काही झाले ते राज्यांनीच केले, आणि बहुतेक वेळा प्रेते मोजून झाल्यावर केले. २० जुलै २०१२ रोजी ऑरोरा येथील चित्रपटगृहात बारा जण मेले, मग कोलोरॅडोने २०१३ मध्ये पंधराची मर्यादा आणली. १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हूक शाळेत वीस बालके आणि सहा मोठी माणसे मारली गेली. तेथे पाच मिनिटांच्या आत दीडशेहून अधिक गोळ्या सुटल्या होत्या. मग कनेटिकट आणि न्यूयॉर्क जागे झाले.

कोलोरॅडोची किंमत राजकारण्यांनीही मोजली. मॅगझिन बनविणारी मॅगपुल ही मोठी कंपनी राज्य सोडून वायोमिंग व टेक्सासला गेली. १० सप्टेंबर २०१३ रोजी विशेष मतदान घेऊन दोन राज्य सिनेटरांना घरी बसविण्यात आले. त्यांपैकी जॉन मोर्स हे सिनेटचे अध्यक्ष होते. पेटीतून पाच-पंधरा गोळ्या कमी केल्या म्हणून माणसाची आमदारकी जाते, यावरून त्या धंद्याचे बळ किती आहे ते समजावे.

कॅलिफोर्नियाचा प्रकार तर प्रत्येक वकिलाने अभ्यासण्यासारखा आहे. तेथे २००० सालापासून दहापेक्षा मोठ्या पेटीची विक्री बंद होती. २०१६ मध्ये जवळ बाळगण्यावरही बंदी आली. सॅन डिएगोचे संघीय न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी २९ मार्च २०१९ रोजी हा कायदाच घटनाबाह्य ठरविला. त्यांच्याच निकालाला स्थगिती मिळेपर्यंत जेमतेम आठवडा गेला. तेवढ्यात दुकानांनी, संकेतस्थळांनी रात्रंदिवस माल पाठविला. दहा लाखांहून अधिक पेट्या राज्यात आल्या असे सांगतात. शौकिनांनी त्या आठवड्याला 'स्वातंत्र्य सप्ताह' असे नाव ठेवले. एका न्यायाधीशाची एक सही आणि वीस वर्षांची बंदी आठवड्यात पोकळ! पुढे वरच्या न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी २०२१ मध्ये कायदा वैध ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रकरण परत पाठविले. बेनिटेझ यांनी २०२३ मध्ये पुन्हा कायदा रद्द केला, आणि २० मार्च २०२५ रोजी अकरा न्यायाधीशांनी तो पुन्हा वैध ठरविला. दोन्ही वेळा सात विरुद्ध चार. २०२५ च्या निकालात सातही जण डेमोक्रॅट अध्यक्षांनी नेमलेले, चारही जण रिपब्लिकन अध्यक्षांनी. विरोधी मत देणाऱ्या एका न्यायमूर्तींनी तर आपल्या दालनात बंदुका खोलून दाखविणारी चित्रफीतच निकालपत्राला जोडली! न्यायाधीश आणि साक्षीदार एकच, असा चमत्कार बघायला मिळाला.

वादाचे मूळ अमेरिकन घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत आहे. १७९१ ची ही दुरुस्ती शस्त्र बाळगण्याचा हक्क देते. २००८ च्या हेलर निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा हक्क व्यक्तीचा आहे असे ठरविले आणि 'सर्रास वापरातली' शस्त्रे संरक्षित आहेत असे सांगितले. मग २३ जून २०२२ रोजी ब्रुएन प्रकरणात न्यायमूर्ती क्लेरेन्स थॉमस यांनी नवी कसोटी घातली. कायदा आज लोकांचे प्राण वाचवितो की नाही, हे न्यायालयाने तोलायचे नाही. राष्ट्राच्या इतिहासात तसा कायदा होता का, एवढेच बघायचे.

'सर्रास वापर' हा मुद्दा ऐकायला सरळ वाटतो, पण त्यातील गफलत पाहा. कंपनीने एखादी वस्तू सरकार जागे होण्याच्या आत कोट्यवधींनी विकली की ती सर्रास वापरात आली, आणि सर्रास वापरात आली की तिच्यावर बंदी घालता येत नाही. म्हणजे घटनेचा अर्थ कंपनीचा विक्री विभाग लावणार! न्यायमूर्ती फ्रँक ईस्टरब्रुक यांनी, आणि ते रेगन यांनी नेमलेले आहेत, २०१५ मध्येच या गोल फिरणाऱ्या तर्कावर बोट ठेवले होते. शिवाय 'वापर' म्हणजे काय? घरात पडून असणे की स्वसंरक्षणासाठी झाडणे? राज्यांनी न्यायालयात आणलेल्या पुराव्यानुसार स्वसंरक्षणात सरासरी दोन-तीन गोळ्या झाडल्या जातात. अकराव्या गोळीची गरज पडल्याची उदाहरणे शोधून काढावी लागतात. २०२५ च्या निकालात कॅलिफोर्नियाच्या बाजूने हे मान्य झाले की, मोठी पेटी हे 'शस्त्र' नसून शस्त्राचा जोडभाग आहे. तिच्याशिवाय बंदूक चालते. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही ८ मे २०२५ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी असेच म्हटले.

परंतु आपल्या वाचकांनी ज्या बाबीकडे डोळे उघडून पाहायला हवे, ती ब्रुएनची इतिहासाची कसोटी होय. कोणाचा इतिहास? १७९१ मध्ये कृष्णवर्णीय माणूस मालमत्ता होता. स्त्रीला मत नव्हते. त्या काळी शस्त्रबंदीचे कायदे भरपूर होते, पण ते कोणासाठी? गुलामांसाठी, मुक्त कृष्णवर्णीयांसाठी, मूळ निवासी इंडियनांसाठी. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॅनी यांनी कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारताना जी भीती बोलून दाखविली, तीत हेही होते की, हे नागरिक झाले तर हवे तेथे शस्त्रे घेऊन फिरतील. गुलामगिरी संपल्यावर १८६५ मध्ये मिसिसिपीने लगेच कायदा करून परवान्याशिवाय त्यांना बंदूक बाळगण्यास मनाई केली. १८७३ मध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे गोऱ्या टोळीने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८७६ मध्ये न्यायालयाने सांगितले की, दुसरी दुरुस्ती फक्त केंद्राला बांधते. मारेकरी सुटले.

आता गंमत अशी की, ब्रुएननंतर बेनिटेझ यांनी जुन्या कायद्यांची यादी मागितली, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या सरकारी वकिलांना गुलामांना निःशस्त्र करणारे कायदेही तीत द्यावे लागले. आम्ही या कायद्यांचे समर्थन करीत नाही, असा खुलासा त्यांनी सोबत जोडला. ज्या राज्याला आजच्या मुलांचे प्राण वाचवायचे आहेत त्याने गुलाम-मालकांच्या वहीत आधार शोधायचा! पीडितांच्या बाजूचे कायदे ज्या काळात कोणी करू दिलेच नाहीत, त्या काळात तसे कायदे सापडत नाहीत म्हणून आजचा कायदा रद्द, असा हा न्याय आहे. परंपरा हाच पुरावा मानला की, परंपरेने ज्यांना बाहेर ठेवले ते कायम बाहेरच राहतात. हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

पण म्हणून शस्त्रबंदीचा प्रत्येक कायदा शोषितांच्या हिताचा असतो, असे समजून चालणार नाही. २ मे १९६७ रोजी ब्लॅक पँथरचे तरुण बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात गेले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यावर बंदी आली आणि तीवर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी आनंदाने सही केली. रेगनच्या हयातीत बंदुकीचा हक्क आणि बंदुकीवरची बंदी, दोन्ही गोऱ्या भीतीच्या तालावर हलले. २०१६ मध्ये मिनेसोटात एका कृष्णवर्णीय मोटारचालकाने पोलिसाला प्रामाणिकपणे सांगितले की आपल्याजवळ परवान्याचे शस्त्र आहे. काही क्षणांत पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या आणि पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. दुसऱ्या दुरुस्तीचे कैवारी तेव्हा कोठे होते?

ब्रुएन खटल्यातच याहून अवघड गोष्ट घडली. गरिबांचे खटले चालविणाऱ्या न्यूयॉर्कच्या वकील संघटनांनी, त्यांत कृष्णवर्णीय वकिलांचीही एक होती, परवाना-कायद्याविरुद्ध निवेदन दिले. त्यांचे म्हणणे होते की, या कायद्याखाली आरोपीच्या पिंजऱ्यात आम्हाला जवळजवळ फक्त काळे आणि लॅटिनो तरुण दिसतात. तर कृष्णवर्णीयांच्याच काही जुन्या नागरी हक्क संघटना कायद्याच्या बाजूने उभ्या होत्या, कारण वस्त्यांमध्ये गोळ्यांनी मरणारेही तेच. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

म्हणूनच 'विक्री' आणि 'बाळगणे' यांतील फरक मला महत्त्वाचा वाटतो. वॉशिंग्टन राज्याचा २०२२ चा कायदा उत्पादन, आयात आणि विक्री बंद करतो. आधीपासून जवळ असलेल्या पेटीला हात लावत नाही. त्याचे उल्लंघन ग्राहक संरक्षण कायद्याखालीही येते. केल्सो गावच्या ज्या दुकानावर कारवाई झाली ते याच मार्गाने न्यायालयात ओढले गेले. येथे कायद्याचे टोक दुकानदार व कंपनी यांच्याकडे आहे. र्‍होड आयलंडने त्याच वर्षी पेटी बाळगणे हाच गंभीर गुन्हा केला आणि पेट्या मोडीत काढायला १८० दिवस दिले. साठा कमी करायचा तर दुसरा मार्ग प्रभावी, हे १९९४ च्या फसलेल्या कायद्याने शिकविले आहे. पण बाळगणे हा गुन्हा झाला की झडती आली. झडती कोणाच्या गाडीची होते हे अमेरिकेतही सर्वांना माहीत आहे. माझे मत असे की, विक्री सक्तीने बंद करावी, जुन्या पेट्या सरकारने मोबदला देऊन परत घ्याव्यात आणि तुरुंगाची शिक्षा विक्रेत्यापासून सुरू करावी. साठा आटायला वेळ लागेल. लागू द्या.

आपल्या संविधान सभेत हा प्रश्न येऊन गेलेला आहे. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामथ यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना मांडली. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. असा हक्क सरसकट दिला तर गुन्हेगारही त्यावर दावा सांगतील, हे त्यांनी दाखवून दिले. सभेने सूचना फेटाळली. कलम १९ मध्ये एकत्र जमण्याचा हक्क आहे तो शांततेने व शस्त्राविना. पण शस्त्र कोणाच्या हातात आहे याकडे आपल्या कायद्याने डोळेझाक केलेली नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील नियम ३ पाहा. अत्याचारप्रवण भागात गरज वाटल्यास सवर्णांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे सरकारजमा करावीत आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असे तो सांगतो. सत्तेचा तोल बघून शस्त्राचा विचार करणारा हा नियम आहे. तो किती जिल्हाधिकाऱ्यांनी उघडून वाचला असेल, हा वेगळा विषय.

अमेरिकेतही अंमलबजावणीचे तेच रडगाणे आहे. इलिनॉयने जानेवारी २०२३ मध्ये कायदा केला, तेव्हा राज्यातील बहुसंख्य शेरीफ उभे राहिले आणि आम्ही तो राबविणार नाही म्हणाले. कोलोरॅडोच्या शेरीफांनी दहा वर्षे आधी हेच केले होते. शिवाय राज्याची सीमा म्हणजे नकाशावरची रेघ. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील गिलरॉय येथील लसूण-जत्रेत गोळीबार करणाऱ्याने रायफल शेजारच्या नेवाडातून घेतली होती. शिकागोजवळच्या हायलंड पार्क या उपनगराची कथा तर फार कडू आहे. त्या गावाने २०१३ मध्येच स्वतःपुरता नियम करून अशा रायफली आणि दहापेक्षा मोठ्या पेट्या बंद केल्या होत्या. ईस्टरब्रुक यांचा वर सांगितलेला निकाल याच नियमाचा. गाव खटला जिंकले. पण आजूबाजूच्या राज्यात तसा कायदा नव्हता. ४ जुलै २०२२ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीवर, त्याच गावात, तीस गोळ्यांच्या पेट्या लावलेल्या रायफलने ८३ गोळ्या सुटल्या आणि सात जण मेले. रायफल राज्यात कायदेशीर मार्गाने घेतलेली होती.

२ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने र्‍होड आयलंडच्या बंदीविरुद्धची याचिका ऐकण्यास नकार दिला. थॉमस, अलिटो आणि गोरसच या तिघांना ती ऐकायची होती. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी त्याच दिवशी एआर-१५ रायफलींच्या जोडप्रकरणात लिहून ठेवले की, एक-दोन सत्रांत हा प्रश्न न्यायालयाने हाती घ्यावा. चौथे मत कोठून येणार याची ती सूचनाच होती.

त्या वेळी न्यायमूर्तींपुढे न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहर असेल काय? १४ मे २०२२ रोजी कृष्णवर्णीय वस्ती शोधून काढून एक गोरा वर्चस्ववादी तरुण तेथील किराणा दुकानात शिरला आणि त्याने दहा कृष्णवर्णीयांना ठार केले. न्यूयॉर्कच्या कायद्यानुसार त्याच्या रायफलला दहा गोळ्यांची न निघणारी पेटी बसविलेली होती. ती जागेवर धरून ठेवणारे कुलूप त्याने काढून टाकले आणि तीसच्या पेट्या चढविल्या. कुलूप बनविणारी कंपनी जॉर्जिया राज्यातील. ते कसे काढावे याची माहितीही तिने ग्राहकांना दिली होती, असा न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांचा आरोप होता. २०२५ मध्ये त्या कंपनीने साडेसतरा लाख डॉलर देण्याचे आणि न्यूयॉर्कमध्ये ते कुलूप न विकण्याचे मान्य केले.